नखं दिसली तर पांढरा

खैतान, कुवेत
शुक्रवार, ९ जानेवारी २००९

योगे,

आणि ती काच मी फोडली नाही, मांजरीने फोडली. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून हेच सांगतोय, आता तेविसाचा झालो तरी हेच सांगणार. बाबांनी तिला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडली आणि चौथ्या दिवशी ती माणसं नेणाऱ्या तरीच्या होडीत बसून फुकट परत आली, त्यात माझा काय दोष? तरी परवा फोनवर पुन्हा तेच. मी म्हटलं, "बाबा, मी रूपेश." तर म्हणाले, "बत्तीच्या काचेचे बावीस रुपये घेऊन ये, मग बोलू," आणि ठेवला. माझं कार्ड संपलं ते वेगळंच. म्हणून आता पत्र. पत्र आपटता येत नाही.

हे भांडण काचेचं नाही, एवढी अक्कल आठवी नापासालाही असते. भांडण गॅसचं आहे. पण मी गॅस का घेऊन दिला? आईचा धुराचा खोकला फोनवर ऐकू यायचा म्हणून. आता घरात गॅस आला म्हणून रेशनवाल्याने कार्डावर शिक्का हाणला आणि रॉकेल बंद केलं, तर तो शिक्का काय मी इथून पाठवला होता? रॉकेल नाही म्हणून पेट्रोमॅक्स नाही, पेट्रोमॅक्स नाही म्हणून रात्रीची मासेमारी नाही, म्हणून आमचे शत्रुघ्न महाराज होडी उलटी टाकून पायरीवर बसलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पोराने माझी बत्ती विझवली." काळ्या बाजाराचं रॉकेल घेणार नाहीत, कारण तत्त्व. मुलाशी बोलणार नाहीत, कारण तेही तत्त्वच असणार.

असो. आता कामाचं ऐक, आणि दात काढू नकोस.

इथल्या राई भागातलं आमचं दुकान तुला माहीतच आहे. गाड्यांना दिवे, भोंगे, काळ्या काचा लावतो. मालक बू नासर, म्हणजे नासरचा बाप. हा नासर अमेरिकेत शिकतो. बाप त्याला भेटायला गेला आणि तिकडे बघून आला की लोक रात्री होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे राहतात, पाण्यात दिवे सोडतात आणि धनुष्यबाणाने मासे मारतात. बाणाला दोरी असते, मासा लागला की ओढून घ्यायचा. झालं. मालक येताना बॅगेतून धनुष्य घेऊन आला. छोटी लाँच आहे त्याची, तिला इथे तराद म्हणतात. तिच्या पुढे उभं राहायला फळी ठोकली. आता दिवे हवेत. दुकानात सगळ्यांना उभं करून विचारलं, "मासे कोणाला कळतात?"

सगळे खाली बघायला लागले. माझा हात वर गेला. का गेला ते विचारू नकोस. शाळेत एकदाही वर गेला नव्हता, त्याची थकबाकी असेल. मी सांगितलं, माझा बाप रात्री बत्ती लावून भाल्याने मासे मारतो, सगळ्या खाडीत एक नंबर, आणि मी दहा वर्षं त्याच्या शेजारी उभा होतो. खरं तुला माहीत आहे. तीनदा गेलो होतो. दोनदा झोपलो, एकदा ओकलो.

आता दिवे मी निवडायचे. फेब्रुवारीच्या शेवटी इथे देशाचा सण, सुट्टी, आणि नेमकी अमावास्या. त्या रात्री मासे दिसले तर मी हेल्परचा फिटर. नाही दिसले तर मागच्या शेडमध्ये गाड्या धुवायच्या.

जनरेटर आणि हॅलोजन घेऊ असं मालक म्हणत होता. पण त्याने समुद्रावर वरात निघेल. म्हणून एलईडी. बॅटरीवर चालतात, आवाज नाही, तापत नाहीत. पण रंग कुठला? दुकानात पांढरे आहेत, पिवळे आहेत, निळे, लाल, आणि एक स्वतःच रंग बदलणारा. तौफीक म्हणतो निळा लाव. तो रायगडचा, दुकानातला सेल्समन, आणि त्याचं मत असं की निळ्यात माणूस गोरा दिसतो.

बाबांना विचार. माझं नाव काढू नकोस. तुझ्या अंगणवाडीच्या पुस्तकात धडा आलाय म्हणून सांग.

पत्र खालच्या झहूरचाचांकडे देतोय. त्यांच्या शिलाईच्या दुकानातून दर पंधरवड्याला कोणी ना कोणी रत्नागिरीला जातोच. उत्तरही त्यांच्या घरी पोचव, म्हणजे लवकर येईल.

रूपेश

*

बोरवाडी
२० जानेवारी २००९

दादा,

अंगणवाडीच्या पुस्तकात आलंय असं सांगितलं. बाबा म्हणाले, "त्या पुस्तकाला कुवेतचा वास येतोय." पण राग येण्याआधी त्यांना विषय आला. दोन महिन्यांत एवढं सलग बोललेले मी ऐकले नव्हते. पायरीवरून उठून अंगणात उभे राहिले, हातात झाडू भाल्यासारखा धरला आणि मला समोर बसवून मासा केलं.

ते म्हणाले ते असं. बत्ती कधी पूर्ण पंप मारून पांढरी फक्क करायची नाही. आपलं पाणी गढूळ. पांढरा उजेड गढुळात शिरला की धुकं दिसतं, मासा दिसत नाही. थोडा पंप कमी, उजेड पिवळसर, की तो गाळातून खाली उतरतो. शिवाय पांढऱ्याला किडे येतात आणि तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याच्या घशात जातात. (हे कोणाबद्दल ते मी विचारलं नाही.) उजेड पाण्याशी टेकलेला हवा, उंच नको. आणि तो आपल्या पायावर पडता कामा नये, मागे पत्रा लावायचा. पाय उजळले की पाणी काळं होतं.

मग मधे ते बरंच काही बोलले, ते लिहीत नाही. गाढव, डोळे, हात आणि कुठल्या पाण्यात तोंड बुडवावं वगैरे. हे पत्र झहूरचाचांच्या घरची माणसं नेणार, त्यांच्यासमोर आपली शोभा नको.

तेव्हा थोडक्यात, पिवळा. निळा लावायचा तर तौफीकभाईंना लग्नात लाव.

शेवटी बाबा म्हणाले, "त्या पुस्तकवाल्याला सांग, काचेचे बावीस रुपये."

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. चुलीशी बसून लिहितेय, आई भाकऱ्या टाकतेय, धुराने डोळे चुरचुरतात.

योगिनी

*

खैतान
शुक्रवार, ३० जानेवारी

योगे,

पिवळे आठ घेतले. लॉरीच्या मागे लावतात तसे गोल, तळहाताएवढे. पाणी जातं का बघायला आठही रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी खोलीतले पाच जण आंघोळीची बादली शोधत होते. अंधारात बादली पिवळी पेटलेली बघून एक जण घाबरून परत झोपला. पण एकातही पाणी शिरलं नाही.

तौफीक अजून निळ्याचंच धरून बसलाय. मी त्याला सांगितलं, ज्या माणसाने झाडू हातात धरून मुलीला मासा केलं त्याचा हा हुकूम आहे.

बाकी ठीक. आता मला एकच सांग. धूर कुठून आला?

गॅसला धूर नसतो. तीन महिन्यांचा ओव्हरटाइम जाळून मी तो गॅस घेतला, त्यापायी बाप तुटला. आणि तू चुलीशी बसून लिहितेस? सिलिंडर कुठे आहे? विकला? बाबांनी खाडीत टाकला? पोत्यात घालून पलीकडे सोडला असेल तर सांग, येईल चौथ्या दिवशी.

रूपेश

*

बोरवाडी
१२ फेब्रुवारी

दादा,

सिलिंडर ओसरीवर आहे. वर आईने भरतकामाचा रुमाल घातलाय, मोरांचा. पाहुणे आले की त्यावर चहा होतो. एरवी चूल. मी सांगून थकले. आई म्हणते, संपला तर दुसरा आणायला तालुक्याला जावं लागतं, आणि लाकडं काय परसात फुकट पडलीत. पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. गॅसच्या पुस्तकावर 'मालन शत्रुघ्न भाटकर' असं छापून आलंय. आजवर रेशनकार्डावर ती बाबांच्या खाली होती. तिच्या नावाची ही पहिली वस्तू. ती वापरून संपवायची कशी?

हे तुला सांगायचं नव्हतं. धुराने घात केला.

दुसरंही सांगायचं नव्हतं, पण आता पोत्याचं तोंड सुटलंच आहे. तिठ्यावर नवीन रिसॉर्ट झालंय. त्याचा मालक आपली होडी मागतोय. मासे मारायला नाही. बागेत ठेवून तिच्यात झेंडूची रोपं लावणार. बाबा हो म्हणालेत. पाडव्याच्या सकाळी टेम्पो येणार. बाबा म्हणतात, "बत्तीशिवाय होडी म्हणजे कुंडीच."

आजोबांनी बांधलेली होडी, दादा. झेंडू.

योगिनी

*

खैतान
शुक्रवार, २७ फेब्रुवारी

योगे,

मी मागच्या शेडमध्ये आहे. हातात पाइप आहे. बाकी तुझ्या लक्षात आलं असेल, पण मी सांगणारच, कारण इथे ऐकायला फक्त गाड्या आहेत.

परवा रात्री गेलो. सगळं शहर झेंडे लावून गाड्या पळवत होतं. आम्ही चौघं तरादीवर: बू नासर, त्याचा मेहुणा, तौफीक आणि मी. दिवे पाण्याशी टेकवलेले, मागे पत्रा, पायावर एक ठिपका उजेड नाही. बाबांनी बघितलं असतं तर बावीसचे वीस केले असते. मालक धनुष्य घेऊन फळीवर उभा राहिला. मी ऐटीत बटण दाबलं.

समुद्राचं वरण झालं.

खरं सांगतो, तूरडाळीचं वरण. खालची वाळू पिवळी, दगड पिवळे, पाणी पिवळं, आणि त्यात मासा असलाच तर तोही पिवळा. मालकाने पहिला बाण प्लास्टिकच्या पिशवीला मारला. पिशवी मेली. दुसरा दगडाला. तिसऱ्याची दोरी तुटली, तो समुद्राला अर्पण. मेहुणा हसायला लागला. इथे मेहुण्याने हसणं आपल्याकडच्यापेक्षा वाईट असतं. मालक माझ्याकडे वळला आणि ओरडला, "कुरकुम! कुरकुम!" कुरकुम म्हणजे हळद. आता दुकानात माझं नाव तेच आहे. तौफीक तर "काय नवरदेव, हळद उतरली का?" म्हणून विचारतो.

आता बाबांना नाव घेऊनच विचार. लपवून काय उपयोग, लाज गेलीच आहे. त्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं का? गॅसचा सूड? एवढंच विचार. मालकाने पुढच्या अंधारापर्यंत मुदत दिलीय, तीही तौफीकने रदबदली केली म्हणून. म्हणाला, "याचा बाप खरंच मासे मारतो, मूर्ख फक्त हाच आहे." मित्र असावा तर असा.

आणि त्या होडीबद्दल. मी तीन दिवस विचार करतोय. ती होडी मला कधीच आवडली नाही. तिच्यात मी ओकलोय. पण तिच्यात झेंडू? नाही, योगे. बाबांना थांबव. कसं ते मला माहीत नाही.

त्या मोरांच्या रुमालाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. एका वेळी एकच शिवी देता येते.

रूपेश

*

बोरवाडी
८ मार्च

दादा,

चूक माझी आहे. बसून वाच.

तुझं पत्र बाबांना पहिल्यापासून वाचून दाखवलं, वरणासकट. ते आधी हसले. मोठ्याने. आई चुलीपासून बाहेर आली बघायला. मग एकदम वळून मला विचारलं, "मी सांगितलेलं हाताचं लिहिलं होतंस ना?"

नव्हतं लिहिलं. आठवतंय, मी म्हटलं होतं मधलं लिहीत नाही, शिव्या आहेत? त्या शिव्यांच्या पोटातच खरं होतं. बाबा तेव्हा म्हणाले होते, "त्या गाढवाला म्हणावं, दिवा घेण्याआधी डोळे घे. आधी पाण्यात हात घाल कोपरापर्यंत. नखं दिसली तर पांढरा. हात गायब झाला तर पिवळा. आणि हे जमत नसेल तर त्याच पाण्यात तोंड बुडव." मी शेवटचं वाक्य ऐकलं आणि सगळंच गाळलं. शोभा राखायला गेले आणि तुला शेडमध्ये पाठवलं.

पण दादा, एक विचारू? बाबांनीही विचारलंय. तीन वर्षं समुद्राकाठच्या देशात राहून तू एकदाही पाण्याला हात लावला नाहीस?

आणखी एक सांगितलंय, या वेळी जसंच्या तसं लिहिते. "मासा दिसतो तिथे नसतो. पाणी फसवतं. दिसतो त्याच्या वीतभर खाली मार, लांब असेल तर अजून खाली. हे त्या अरबाला माहीत नसणार, आणि आमच्या कुळदीपकाला सांगितलं होतं तेव्हा तो घोरत होता."

सुडाबद्दल विचारलं. म्हणाले, "माशाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. बाकी कशाबद्दल विचारलं असतंस तर बोललो असतो."

टेम्पोचं ठरलेलंच आहे. पाडवा २७ तारखेला. शिमग्याची पालखी परवा दारात येईल, तुझा नारळ मी देते.

योगिनी

*

खैतान
शुक्रवार, २० मार्च

योगे,

घाई आहे. झहूरचाचा स्वतः परवाच्या विमानाने येतायत. त्यांच्याबरोबर एक खोका आहे, त्याचं पुढे सांगतो.

तू विचारलंस ते खरं आहे. बनेद अल-गारला समुद्राकाठी दोनदा गेलो होतो, शेंगदाणे खायला. पाणी बघितलं असं म्हणता येईल, पण टीव्ही बघतात तसं. काल रात्री तराद थांबल्यावर मी पोटावर झोपलो आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. गार. तौफीकने टॉर्च मारला. नखं दिसली, योगे. नखांखालची ग्रीसची काळी कडसुद्धा दिसली. मेहुणा विचारत होता, हा काय करतोय? तौफीक म्हणाला, "नमाज पढतोय, त्याच्या पद्धतीने."

पांढरे दिवे मी आधीच लावून ठेवले होते, पण बटण हात बाहेर काढल्यावरच दाबलं. आणि काय सांगू. सहा हात खाली शिंपले मोजावेत एवढं स्वच्छ. मासे उजेडाच्या कडेला येऊन उभे, रेशनच्या रांगेसारखे. यांचा मैद म्हणजे आपली बोय, तीच चपटी टाळू, तोच शहाणा चेहरा. मालकाने चार बाण मारले, चारही वरून गेले. पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. मी हिंदी, अरबी, हातवारे सगळं मिसळून सांगितलं, दिसतो तिथे नाही, खाली, खाली मार. तो म्हणाला, "मला दिसतोय ना तो!" मी म्हटलं, "माझा बाप म्हणतो दिसतो तिथे नसतो." तो म्हणाला, "तुझा बाप हळद म्हणाला होता." मी म्हटलं, "ती चूक बहिणीची." यावर त्याचा विश्वास बसला, त्यालाही चार बहिणी आहेत.

वीतभर खाली मारला. लागला. मग सात लागले. मेहुण्याला एकही नाही, त्यामुळे मालक माझ्या गळ्यात पडला. पहाटे म्हणाला, उद्यापासून फिटर. आणि वर काय हवं ते माग.

तिकीट मागता आलं असतं. तीन वर्षं झाली, शिमगाही गेला. जिभेवर आलंसुद्धा होतं. पण मी म्हटलं, ते हळदीचे दिवे द्या. तो एवढा हसला की धनुष्य पाण्यात पडता पडता राहिलं. म्हणाला, "घेऊन जा ती घाण."

खोक्यात तेच आहेत, आठही. आपल्या पाण्यात हात गायब होतो की नाही? मग पिवळा. बाबांचाच नियम. रॉकेल लागत नाही, पंप लागत नाही, काच नाही. बारा व्होल्टची बॅटरी लागेल, रिक्षाची चालते. तांबडी वायर प्लसला, काळी मायनसला. चारच लाव, रात्रभर पुरतील.

मी पाठवले म्हणून सांगू नकोस, हात लावणार नाहीत. सांग, कुवेतच्या शेठने फेकून दिले होते, चाचांनी उचलून आणले. खोटं पण नाही ते.

२७ च्या आत, योगे.

रूपेश

*

बोरवाडी
२९ मार्च

दादा,

झहूरचाचा २३ ला आले. खोका पायरीवर ठेवला आणि तू सांगितलंस तेच सांगितलं. बाबा म्हणाले, "शेठ फेकतो आणि तुम्ही दोन हजार मैल उचलून आणता? चाचा, तुम्ही शिंपी आहात, खोटं बोलायला वकील लागतो." खोका दोन दिवस तिथेच. बाबा त्याला वळसा घालून जात होते, साप असल्यासारखे.

२५ च्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर मागीलदारी पिवळा उजेड. बाबा उकिडवे बसलेले, वाडीतल्या उस्मानच्या रिक्षाची बॅटरी शेजारी, आणि दिवा बादलीत बुडवलेला. पाणी जातं का बघत होते. मी तशीच आत गेले. तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात हे तुम्हाला सांगून उपयोग नाही, दोघंही चिडाल.

२६ ला, अमावास्येला, होडी सुलटी केली. बत्तीच्या मागे लावायचा तो जुनाच पत्रा, त्याच्या पुढे चार दिवे बांबूला बांधले. बत्ती घरीच. नऊ वाजता गेले. आई अंगणात बसून राहिली. खाडीच्या वळणापर्यंत दिसत होते, हळदीचा एक ठिपका, मग तोही नाही.

पहाटे चारला आले. बारा बोया, तीन काळुंदर, एक तांबोशी, मांडीएवढी. आईची चूल विझलेली. तिने क्षणभर इकडे तिकडे बघितलं, मोरांचा रुमाल ओढून काढला आणि गॅस पेटवला. घरात पाहुणा नसताना पहिल्यांदा. तांबोशी तळली. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "लवकर होतं की." आई म्हणाली, "माझ्या नावावर आहे."

सातला टेम्पो आला. गुढी नुकतीच उभी केली होती. रिसॉर्टवाला म्हणाला, "चला, उचलू या." बाबा म्हणाले, "होडी ओली आहे." तो म्हणाला, "मग वाळल्यावर येऊ?" बाबा म्हणाले, "आता वाळायची नाही."

मी विचारलं, उजेड कसा होता? दाढी खाजवत म्हणाले, "बरा आहे. बत्ती सूं सूं करायची, सोबत वाटायची. हा मुका आहे. म्हणून मीच बोलत होतो रात्रभर." कोणाशी म्हटलं तर म्हणाले, "होता एक. नाळेवर झोपायचा तो."

हे लिही म्हणाले नाहीत. मी लिहिते. पुन्हा काही गाळणार नाही म्हणून शपथ घेतलीय. जे लिही म्हणाले ते हे: "उजेड पोचला. काचेचं विसरलो नाही."

एक अडचण आहे. बॅटरी उस्मानची आहे. चार दिवस त्याची रिक्षा प्रवाशांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नाहीये. काल तर नवरी उतरून ढकलत होती.

योगिनी

*

खैतान
शुक्रवार, १० एप्रिल

योगे,

पत्र तौफीकला वाचून दाखवलं. नवरीच्या जागेवर तो हसला, नाळेच्या जागेवर मी जरा पाणी प्यायला उठलो. चार दिवस दुकानात कोणी कुरकुम म्हटलं तर मी ओ देतो, वाईट वाटत नाही.

बू नासर आता दर अंधाऱ्या रात्री मला नेतो. मी झोपत नाही, ओकतही नाही. कधी कधी हात पाण्यात घालतो, काम नसलं तरी. बाबांना सांग, इथल्या मैदची टाळू आपल्या बोयीपेक्षा मऊ आहे, पण चवीला आपलीच बरी. आणि आईला सांग, सिलिंडर संपव. संपला की दुसराही तिच्याच नावावर येतो, मी विचारून घेतलंय.

सुट्टी दिवाळीच्या आसपास मिळेल असं मालक म्हणतो. या वेळी होडीत बसेन. नाळेवरची जागा रिकामी ठेवायला सांग.

उस्मानची बॅटरी आजच्या आज परत द्या, नवरीला रिक्षा ढकलायला लावू नका. तालुक्याला फोन करून विचारलं, नवी मोठी बॅटरी वर्षाच्या गॅरंटीसकट चार हजाराला येते. पैसे चाचांच्या भाच्याबरोबर रोख पाठवतोय, पाकीट बाबांच्याच हातात दे, तूही फोडू नकोस. इथे आपले सुटे मिळत नाहीत. दोन दहाच्या नोटा तौफीकच्या जुन्या पाकिटात होत्या, आणि दोन रुपयांचं नाणं चाचांच्या मशीनच्या खणात बटणांमध्ये सापडलं.

मांजर बिचारी केव्हाच गेली. तिला आता कोणी काही बोलू नका.

पाकिटात मोजून चार हजार बावीस रुपये आहेत.